सीमा सरकल्या, यात्रा राहिली

लोधीखेडा आज मध्य प्रदेशात, २०२३ साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तहसिलीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि लोधीखेडा तेव्हा ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. लोधीखेड्यातल्या मराठी घरांतून माणसे गोळा होऊन माहूरला किंवा कोराडीला देवीच्या दर्शनाला निघतात, तेव्हा तुटलेल्या महाराष्ट्राची ओढ म्हणून त्या यात्रेचे वर्णन करण्याचा मोह होतो. इतिहास तपासला तर हे वर्णन टिकत नाही. देवीची यात्रा राज्यांच्या आखणीतून जन्मलेलीच नाही, त्यामुळे एका आखणीने ती तुटण्याचाही प्रश्न नव्हता.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा माहूरचा. रेणुकेचे हे ठाणे पैनगंगेच्या दक्षिणेला, आजच्या नांदेड जिल्ह्यात आहे. नदीच्या अलीकडचे वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते, पलीकडे मात्र १९४८ पर्यंत निजामाचा अंमल चालला. म्हणजे छिंदवाडा आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते तेव्हासुद्धा रेणुकेच्या भक्ताला परक्या राज्यात पाऊल टाकावे लागेच. पुढे राज्याची हद्द पैनगंगेवरून उठली आणि सौंसर-सावनेरच्या मध्ये येऊन बसली, पण यात्रेकरूचे गंतव्य बदलले नाही. कारण कुलदेवी जवळ-लांब पाहून निवडली जात नाही, ती घराण्यातून येते. लग्नानंतर गोंधळ घालायचा आणि नवरा-नवरीने तिच्या पायाशी जायचे, हे कर्तव्य एकट्याचे नसून कुळाचे असते, म्हणून प्रवासही जथ्याने होतो. गोंधळ्यांमध्येही रेणुराई माहूरच्या देवीचे आणि कदमराई तुळजाभवानीचे. देवीच्या पीठांवरून आखलेली ही विभागणी कोणत्याही प्रांताच्या नकाशात बसत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात पुण्याच्या परिसरातील देवीची ठाणी पाहून असे मांडले की अशी अनेक ठाणी मेंढपाळांच्या व व्यापाऱ्यांच्या प्राचीन वाटांवर, त्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आहेत. यावर रास्त आक्षेप असा, की पुण्याचा निष्कर्ष सातपुड्याच्या पायथ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. हे मान्य. छिंदवाड्याहून सौंसर, लोधीखेडा, सावनेर करत नागपूरला उतरणाऱ्या रस्त्यावरच कोराडीची जगदंबा आहे, हे लक्षणीय असले तरी तेवढ्याने तिचे ठाणे किती जुने हे सिद्ध होत नाही. मात्र डोंगर आणि मैदान जोडणाऱ्या वाटेवरच्या देवीला येणाऱ्या-जाणाऱ्यांतून भक्त मिळत राहतात, एवढे त्यातून नक्की कळते. देवगडचे गोंड राजे आणि नंतर नागपूरकर भोसले यांनी हा डोंगर व हे मैदान एकाच सत्तेखाली ठेवले होते, हेही विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की आजची गर्दी ही एस.टी., खासगी गाड्या आणि देवस्थानांच्या सोयींची निर्मिती आहे. संख्येपुरते ते खरेच. नागपूर-छिंदवाडा अरुंद मार्गाच्या रेल्वेने, २०१५ मध्ये ती बंद होईपर्यंत, या भागातला प्रवास पिढ्यान्‌पिढ्या सोपा केला. पण वाहनाने ठरते ते किती माणसे जातील आणि किती दिवसांत परततील एवढेच. कुणाकडे जायचे, केव्हा आणि कुणाकुणाला बरोबर घेऊन, हे घराण्याचा कुळाचार ठरवतो. म्हणून लोधीखेड्याची देवीयात्रा १९५६ च्या जखमेची खूण मानण्यापेक्षा, राज्ये बदलली तरी न बदललेल्या एका जुन्या समाजरचनेचा पुरावा मानणे अधिक योग्य ठरेल.