डोहाचें पाणी आणि गळाचें रीळ

मासेमारीचा इतिहास म्हटला म्हणजे जाळीं डोळ्यांपुढें येतात. गळाची कथा मागें राहते. तथापि खोल पाण्यांतील माशाशीं एकट्या माणसानें कसें झुंजावें, याचा बारकाईनें विचार गळ टाकणारांनींच केला.

परभणी जिल्ह्यांतील पेडगांवच्या मुलुखास हा विषय परका नाहीं. गोदावरी, पूर्णा व दुधना या जिल्ह्याच्या नद्या पावसाळ्यांत दुथडी भरतात आणि उन्हाळ्यांत रोडावतात. मासा तेव्हां डोहाचा आश्रय घेतो. या प्रदेशावर सत्ता असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओंवी गातात, ही प्रसिद्ध नोंद याच ग्रंथांतली. त्यांतील ‘मत्स्यविनोद’ प्रकरणांत समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, त्यांना खाऊं काय घालावें आणि गळास कसें लावावें, याचें विवेचन आहे. गळापूर्वीं माशाची ओळख हवी, हा त्याचा बोध होय.

काठीच्या टोंकास बांधलेली दोरी मात्र काठीच्या आवांक्यापुरतीच. मोठा मासा डोहाच्या तळाकडे धांवला कीं दोरी तुटे, नाहीं तर काठी मोडे. यावर उपाय म्हणजे रीळ. चीनमध्यें मा युआन या चित्रकारानें ११९५ च्या सुमारास काढलेल्या चित्रांत कोळ्याच्या काठीवर तें स्पष्ट दिसतें. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन यानें १६५३ च्या ग्रंथांत अशा चाकाचा उल्लेख केला आहे.

पुढें रिळाच्या दोन जाती रूढ झाल्या. ट्रेंट नदीवरील नॉटिंगहॅमचें लांकडी रीळ एका आंसावर हलकें फिरे. प्रवाहाबरोबर बूच वाहूं लागलें कीं दोरी आपोआप सुटत जाई. दुसरें दांत्यांचें. अमेरिकेंतील केंटकीचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर यानें १८१० ते १८२० च्या सुमारास त्यास उत्तम रूप दिलें. त्याची मूठ एकदां फिरली कीं फिरकी अनेक वेळां फिरते. आमिष दूर फेंकतांना हीच फिरकी वेगानें सुटते. अंगठ्यानें आवरली नाहीं तर दोरीचा गुंता ठरलेलाच. म्हणून दांत्यांचें रीळ जड आमिषास व मोठ्या माशास योग्य, तर हलक्या बुचास साधें रीळ बरें.

खोलीची अडचण वेगळीच. काठी १२ फुटांची व डोह १८ फुटांचा असेल, तर दोरीस पक्कें बांधलेलें बूच काठीच्या शेंड्याशीं अडतें आणि मासा कांठाशीं येत नाहीं. त्यासाठीं बूच सरकतें ठेवून हव्या खोलीवर दोऱ्याची बारीक गांठ मारतात. गांठ कड्यांतून निसटून रिळावर जाते. बूच मात्र तिच्यापाशीं थांबतें. दोरीही घोड्याच्या केंसांवरून रेशमावर आली. आणि १९३८ सालीं जाहीर झालेल्या नायलॉननें पुढें रेशमासही मागें सारलें.

साधनें सुधारलीं, पाणीही बदललें. पूर्णेवर येलदरी येथें व गोदावरीवर पैठण येथें धरणें झालीं आणि खालच्या डोहांचें पाणी पावसाइतकेंच दरवाजांवर अवलंबून राहूं लागलें. दुकानांतून रीळ विकत घेतां येतें; डोह घेतां येत नाहीं. सोमेश्वराचा तो पहिला धडा म्हणूनच आजही उपयोगी आहे: आधीं मासा ओळखावा, पाणी ओळखावें, आणि मगच काठी हातीं धरावी.