हाकेला ओ

शाळेत गुरुजी हजेरी घेतात. नाव पुकारले की मूल ‘हजर’ म्हणते. आता समजा, एखाद्या मुलाचा आवाज पार गेला आहे आणि त्याला हातही वर करता येत नाही. गुरुजी त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडतील. त्यांत गुरुजींचा दोष नाही. पण मूल वर्गात आहे, हेही तितकेच खरे. आज आपणांस ज्या संशोधनाची हकीकत सांगायची आहे, ती अशाच एका हजेरीची आहे. येथे नाव पुकारायचे ते खाटेवर निश्चल पडलेल्या माणसाचे, आणि ठरवायचे ते एवढेच, की हा माणूस आत आहे की नाही?

पूर्वी डोक्याला जबर मार बसलेला माणूस बहुधा दगावत असे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कृत्रिम श्वासाची यंत्रे आली, आणि असे कित्येक रुग्ण जगू लागले. त्यांतले काही जण गाढ बेशुद्धीतून बाहेर येत, डोळे उघडत, रात्री झोपत, सकाळी जागे होत. पण हाक मारली तर ओ देत नसत. १९७२ साली ग्लासगोचे ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी या अवस्थेला ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ असे नाव दिले. रुग्ण जागा आहे, पण त्याला जाणीव असल्याची खूण दिसत नाही, असा त्याचा अर्थ. जागेपण वेगळे आणि जाणीव वेगळी, ही गोष्ट येथे ठळकपणे पुढे आली.

पण जाणीव ओळखायची कशी? डॉक्टर खाटेपाशी उभे राहून सांगत, ‘हात उचला, बोटाकडे पाहा.’ रुग्णाने काही केले नाही, की हजेरीबुकात गैरहजेरी. या पद्धतीत खोट होती. १९९६ साली लंडनच्या एका रुग्णालयातील पाहणी प्रसिद्ध झाली. या अवस्थेत आहेत म्हणून पाठविलेल्या ४० रुग्णांपैकी १७ जणांना प्रत्यक्षात जाणीव होती. त्यांतल्या बहुतेकांची दृष्टी गेली होती किंवा फारच अधू झाली होती. ज्याला दिसतच नाही, त्याला ‘इकडे पाहा’ म्हणून काय उपयोग?

तेव्हा हातापायांना न विचारता थेट मेंदूलाच विचारता येईल काय, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला. १९९७ साली इंग्लंडात केंब्रिज येथे एका तरुण शिक्षिकेवर हा प्रयोग झाला. आजारानंतर ती काही महिने प्रतिसादाविना पडून होती. तिला घरच्या माणसांची छायाचित्रे दाखविली आणि मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग निरोगी माणसासारखा जागा झाला! पुढे ती सावरली, आणि अक्षरांच्या फलकावरून आपले मनोगत कळवू लागली. नळी घालून कफ काढताना आपल्याला किती भीती वाटे, हे तिने सांगितले. ते ऐकून कोणाच्या अंगावर काटा येणार नाही?

तरीही शंकेखोरांचे म्हणणे रास्त होते. चेहरा दिसला की मेंदूचा तो भाग आपोआपही हलत असेल. त्यावरून जाणीव कशी सिद्ध होणार? म्हणून ओ अशी हवी, की जी रुग्णाने हेतुपूर्वक दिल्याशिवाय येणारच नाही.

या कामी नवे यंत्र हाताशी आले होते. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे रक्त अधिक धावते. ज्या वाफ्याला पाणी हवे, तिकडे पाट वळावा तसे. प्राणवायू घेतलेले रक्त आणि प्राणवायू सोडलेले रक्त यांचा चुंबकीय गुण वेगळा असतो. १९९० साली जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी दाखवून दिले, की हा फरक एम. आर. आय. यंत्राने टिपता येतो. शरीराला सुई न लावता मेंदूचे काम पाहता येऊ लागले.

सप्टेंबर २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका २३ वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. मोटार अपघाताला पाच महिने होऊन गेले होते, आणि ती कशालाही प्रतिसाद देत नव्हती. यंत्रात तिला सांगितले, ‘आपण टेनिस खेळतो आहोत, अशी कल्पना करा.’ मग सांगितले, ‘आपल्या घरातील खोल्यांतून फिरत आहोत, अशी कल्पना करा.’ खेळाच्या कल्पनेने मेंदूचा एक भाग जागा झाला, घराच्या कल्पनेने दुसरेच भाग. निरोगी माणसांत होतात, अगदी तेच! आणि हे काम ‘आता थांबा’ असे सांगेपर्यंत ३० सेकंद चालू राही. बोटही न हलविता तिने ओ दिली होती.

२०१० साली केंब्रिज आणि बेल्जियममधील लीज येथील संशोधकांनी ५४ रुग्ण तपासले. पाच जणांना असे करता आले. त्यांतल्या एकाशी तर चक्क संवाद झाला. ‘होय’साठी टेनिस, ‘नाही’साठी घर, असे ठरले. वडिलांचे नाव अमुक आहे काय, असे साधे सहा प्रश्न विचारले. पाचांची उत्तरे बरोबर आली. सहाव्याला मेंदू गप्पच राहिला.

आता एक सावधगिरीची गोष्ट. २०२४ साली अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने ओ दिली. म्हणजे चारांत एकाने. ही संख्या लहान नव्हे. पण त्याच पाहणीत, खाटेवर आज्ञा पाळणारे, म्हणजे जाणीव आहे हे उघड दिसणारे, ११२ रुग्णही होते. त्यांतले ४३ जणच यंत्राच्या कसोटीला उतरले! तेव्हा यंत्राने ‘हजर’ म्हटले, तर ते मानावे. पण यंत्र गप्प राहिले म्हणून ‘गैरहजर’ लिहू नये. तसेच ओ आली म्हणजे माणूस चालता-बोलता होईलच, अशी आशाही लावून बसू नये.

हा प्रश्न आपल्याही दारी येऊन गेला आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर अशाच अवस्थेत होत्या. २०११ साली त्यांच्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने डॉक्टरांचा अहवाल घेतला, आणि वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयातील माणसांचा शब्द मोलाचा मानला. २०१५ साली मृत्यू येईपर्यंत सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले.

असले यंत्र आपल्या तालुक्याच्या गावी नसेल, आणि असले तरी ही कसोटी घेणारे तज्ज्ञ तेथे नसतील. पण या इतिहासाचा धडा घ्यायला यंत्र लागत नाही. घरात असा रुग्ण असेल, तर खाटेपाशी ‘याला काय कळतंय!’ असे म्हणू नका. जमिनीच्या वाटणीची बोलणी ओसरीवर करा, त्याच्या उशाशी नव्हे. कूस बदलण्याआधी, नळी घालण्याआधी त्याला सांगा, की आता आम्ही हे करतो आहोत. नाव घेऊन हाक मारा. ऐकणारे कोणी नसेल, तर चार शब्द वाया जातील. पण असेल तर? आपली हाक पोचते आहे आणि ओ तेवढी देता येत नाही, अशा माणसाला तो एकटा नाही, इतके तरी कळेल.