धक्क्यावरचा गळ आणि पगारी रजा

सोलापूरच्या माणसाने समुद्रावर बोलावे, आणि तेही सुट्टीत धक्क्यावर बसून गळ टाकणाऱ्या पाहुण्यांविषयी, याचे काही श्रोत्यांना हसू येईल. आमच्या गावाचे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव आणि १८७१ च्या सुमारास पुरा झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव. मासा म्हणजे भीमेचा, अलीकडे उजनीचा. समुद्र आम्ही पाहिला तो शाळेतल्या नकाशावर, आणि शाळा आमची सातवीतच सुटली. तरी हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, आणि त्या वाचनात एक गोष्ट ध्यानात आली की, हौसेने धक्क्यावर गळ टाकून बसलेला हा माणूस इतिहासात बराचसा कापडगिरणीच्या दारातून बाहेर पडलेला आहे.

आधी धक्क्याचे पाहू. धक्का मौजेसाठी कोणी बांधला नाही. मुंबईचा भाऊचा धक्का कुणा साहेबाच्या नावाचा नाही, तो बांधणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे 'भाऊं'च्या नावाचा आहे. तो माल आणि माणसे चढवण्या-उतरवण्यासाठी. १८७५ चा ससून डॉक मुख्यतः कापसाच्या व्यापारासाठी. मासळीबाजार तिथे मागाहून आला. कोकणात तर कित्येक बंदरांत आगबोट किनाऱ्याला लागतच नसे. ती दूर उभी राही आणि उतारू पडावातून, भिजत-वांत्या करीत, किनारा गाठीत. इंग्लंडातही हीच रड होती. वाइट बेटावरच्या राईड गावी ओहोटीला पाणी इतके मागे जाई की, उतारूंना ओल्या वाळूतून चालावे लागे. म्हणून १८१४ साली तिथे लांबलचक लाकडी धक्का समुद्रात नेला. लोक त्यावर बोटीसाठी आले, आणि हवा खात रेंगाळले. ज्याच्याजवळ होडी नाही त्याला खोल पाणी मिळण्याची ती एकच जागा होती. गळवाल्याने ती हेरली नसती तरच नवल.

परंतु गळ टाकायला रिकामा दिवस लागतो. तो कुठून आला?

लँकेशायर हा विलायतेतला कापडगिरण्यांचा मुलूख. तिथे 'वेक्स' नावाची एक रीत होती. वेक्स म्हणजे मुळात गावच्या देवळाची जत्रा, आमच्या गड्ड्याच्या यात्रेसारखी. गिरण्या आल्या तेव्हा मालकांनी या जत्रा मोडून पाहिल्या. पण जत्रेच्या दिवशी कामगार येईचना. शेवटी तडजोड झाली. जत्रेच्या आठवड्यात गिरणी बंद ठेवायची, त्यातच बॉयलर साफ करून घ्यायचे. प्रत्येक गावाचा आठवडा निराळा. १८४६ साली ब्लॅकपूलला आगगाडी पोहोचली आणि मग गावच्या गाव, जॉबर, विणकर, बायकामुलांसकट, समुद्रावर लोटू लागले. या आठवड्याचा पगार मात्र मिळत नसे. म्हणून कामगार वर्षभर दर आठवड्याला चार पैसे एका मंडळात टाकीत आणि जत्रेच्या आधी ते वाटून घेत. पगारी सुट्टीचा कायदा विलायतेत १९३८ साली झाला. तोवर ब्लॅकपूलची मौज मजुरांनी स्वतःच्या भिशीतून केली.

ब्लॅकपूलचा पहिला धक्का, उत्तरेकडचा, उघडला १८६३ च्या मे महिन्यात. हे साल ऐकून आम्ही चमकलो होतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस अडला होता आणि लँकेशायरच्या गिरण्यांत हजारो मजूर उपाशी बसले होते. याच वर्षांत आमच्या दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सोलापूरला आगगाडी १८६० साली आलेली होतीच. म्हणजे तिकडे मजुराची चूल विझत असताना समुद्रात लोखंडी खांब रोवून सभ्य लोकांसाठी फिरण्याची सोय होत होती, आणि इकडचा कापूस मुंबईच्या बंदरातून त्याच मुलखाकडे चालला होता. त्या धक्क्यावर तिकीट होते. मजुरांची गर्दी जमली ती १८६८ साली उघडलेल्या मधल्या धक्क्यावर. तिथे नाच-गाणे चाले, आणि लोक त्याला 'लोकांचा धक्का'च म्हणू लागले.

आता घरी येऊ. आमच्या गावातली जुनी गिरण १८७७ सालची, मोरारजी गोकुळदासांनी काढलेली. त्या वेळी साप्ताहिक सुट्टीसुद्धा नव्हती. १८८१ चा कायदा मुलांपुरताच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी पक्की झाली. पगारी वार्षिक रजा यायला १९४५ साल उजाडले, तीही वर्षभर सलग नोकरी झाल्यावर दहा दिवस. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर २० दिवसांमागे एक दिवस दिला.

रजा मिळाली, पण सोलापूरचा गिरणी कामगार समुद्रावर गेला नाही. तो गावी गेला, सुगीला, पंढरीला गेला, तेलंगणातून आलेली पद्मशाली मंडळी लग्नकार्याला तिकडे गेली. लँकेशायरमध्ये साऱ्या गावाचा भोंगा एकदम थांबे, इकडे रजा एकेकट्याने आळीपाळीने घ्यायची. एकटा माणूस समुद्रावर जात नाही, फार तर सासुरवाडीला जातो. पुढे जुनी गिरण बंद झाली, मग लक्ष्मी-विष्णूही. भोंग्याबरोबर रजेचे रजिस्टरही गेले.

राहिले यंत्रमाग आणि विड्या. यंत्रमागाच्या कारखान्यात माणसे ठरावीक संख्येहून कमी दिसावीत म्हणून एकाच छपराखाली भिंती घालून, भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावाने निराळे कारखाने दाखवायची युक्ती आम्ही पुष्कळ पाहिली आहे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेत रजेची अट २४० वरून १८० दिवसांवर आणली, हे बरेच झाले; पण वीज वापरणाऱ्या कारखान्याचा उंबरठा १० माणसांवरून २० वर नेला, म्हणजे एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. विडी कामगारांसाठी १९६६ च्या कायद्याने दर २० दिवसांमागे एक दिवसाची रजा लिहिली होती. घरात बसून हजारी दराने विड्या वळणाऱ्या बाईला ती किती मिळाली, हे या सभेतल्या बायांनाच विचारा.

काही वर्षांपूर्वी आम्ही लँकेशायरची ती भिशीची युक्ती उचलली. वर्षभर डब्यात पैसे जमवले आणि चाळीसएक माणसे घेऊन मालवणला गेलो. साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक वाट, रात्रभर गाडी, त्यात घाट. सकाळी सिंधुदुर्ग समोर दिसला तेव्हा गाडीतला गलका एकदम थांबला. किल्ला बघून झाला आणि पोरांनी हट्ट धरला गळाचा. हिप्परग्याला बांबूच्या काठीने मासे धरलेले आमचे एक विणकर होते. त्यांनी दोरी, शिसे, कोळंबीचे तुकडे जमवले आणि भर दुपारी आम्ही जेटीवर बसलो. दोन तासांत गळाला खडकाशिवाय काही लागले नाही.

शेजारी एक म्हातारे गाबीत जाळे सांधीत होते. ते म्हणाले, "बाबांनो, सुकती आसा, आता काय गावतला?" मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी अष्टमी. आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला आणि दुपारी बारा म्हणजे ऐन ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे व्हायचेच. त्यातही अष्टमीची भरती भांगाची, मंद. उधाण पाहिजे तर पुनव-अवसेला यावे. हे आमच्या विणकराला एका दमात कळले, कारण पाऊणकी त्यांना तोंडपाठ. आम्हांला कागद लागला.

म्हाताऱ्यांनी आणखी एक सांगितले, जरा कडक स्वरात. "ही आमची कामाची जागा. होडी लागायची बाजू सोडून बसा, आणि तुटलेली दोरी पाण्यात सोडू नका, ती आमच्या जाळ्यात येते." आम्ही मुकाट्याने उठून दुसऱ्या कडेला गेलो. आमच्या मागाजवळ कोणी सहलीला येऊन ताण्याशी खेळू लागला, तर आम्ही तरी काय म्हटले असते? रापणीत जाळे, होडी, ओढणारे हात यांचे वाटे कसे पाडतात तेही त्यांनी समजावले. त्यावर आमच्यात रात्री जेवताना मोठा वाद झाला. तो पुन्हा केव्हा तरी.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढले आणि पहिला मासा लागला तो शिंगाळा. एका पोराने तो मुठीत धरायला हात घातला. त्याच्या पराचा काटा विषारी, फार ठणकतो. म्हाताऱ्यांनी ओरडून त्याला थांबवले आणि चिमट्याने गळ काढून दिला. नंतर दोन लहान तांबोशी मिळाल्या, त्या पुन्हा पाण्यात सोडल्या.

आमच्यातल्या एक विडीकाम करणाऱ्या मावशी कठड्याशी दोरी धरून बसल्या होत्या. त्यांचा मोकळा हात मांडीवर सारखा हलत होता. पान नाही, तंबाखू नाही, सूत नाही, तरी बोटे विडी वळीत होती. आम्ही विचारले, "मावशी, कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "चार दिवसांच्या तीन हजार विड्या बुडाल्या, दादा." आणि लगेच, "पर दोरी हलली बघा."

परत आल्यावर एका मालकाने त्या चार दिवसांपायी दोघांना काही दिवस मागावर घेतले नाही. ते भांडण दोन महिने चालले आणि दोघे कामावर आले. डबा कचेरीत पुन्हा ठेवला आहे. या खेपेची तारीख मावशींनीच काढली आहे, पंचांग बघून, पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची: चौदा पाऊणे साडेदहा.