कापावा की भोक पाडावं? सिगारच्या बंद तोंडाची गोष्ट

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यात गाठून विचारलं, "सर, सिगार ओढण्यापूर्वी कापायचा, की त्याला भोक पाडायचं?" तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला लोक काय विचारतील याचा नेम नाही! आम्ही ओढत नाही, असं सांगून सुटलो खरे. पण रात्री लक्षात आलं की या प्रश्नाच्या आधी दुसराच एक प्रश्न आहे. मुळात सिगारचं तोंड बंद का?

आपला 'चिरूट' आठवा. शब्द मूळचा तमिळ. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेलं. तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात थेट लंडनपर्यंत पोचले होते. 1887 साली आलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत होम्स राख पाहून 'त्रिचनापल्ली' ओळखतो, तो हाच. या चिरुटाची दोन्ही टोकं कारखान्यातच कापलेली असत. घ्या, पेटवा, ओढा. ओढणाऱ्याला निवड करायला जागाच नव्हती.

हवानाचा सिगार वेगळा. त्यात बाहेरचं तलम पान पेटवायच्या टोकाकडून तोंडाच्या टोकाकडे तिरकं गुंडाळत नेतात. ते शेवटी सुटू नये म्हणून त्याच जातीच्या पानाची लहानशी गोल चकती वनस्पतीच्या डिंकाने वर चिकटवतात. ही सिगारची टोपी. म्हणजे तोंड बंद केलं जातं ते पान उलगडू नये म्हणून. आणि ओढायचं तर तेच तोंड उघडायला हवं. कारागिराने जे जपलं ते ओढणाऱ्याने मोडायचं, पण किती मोडायचं? आमच्या मते त्या मुलाचा खरा प्रश्न हा होता.

1808 ते 1814 या काळात स्पेनमध्ये लढलेल्या इंग्रज सैनिकांनी सिगारची सवय घरी नेली. पुढे इंग्लंडात घड्याळाच्या साखळीला लटकवायचे छोटे कातरे आले, चांदीचे सुद्धा. त्याआधी, आणि त्यानंतरही, दात होतेच. पात्याच्या कातऱ्याला 'गिलोटिन' म्हणतात. 1792 मध्ये पॅरिसला ज्या यंत्राने माणसांची डोकी उडवायला सुरुवात झाली, त्याचं नाव सिगारचं डोकं उडवणाऱ्या खेळण्याला दिलं, ही विनोदबुद्धी आम्हाला जरा अघोरीच वाटते. आपल्या घरातला अडकित्ता डोळ्यांपुढे आणा, काम साधारण तेच. फक्त सुपारी कुठेही कातरली तरी चालते. इथे टोपीचा खांदा जिथे वळतो त्याच्या वर, जेमतेम दोन मिलिमीटर घ्यायचं. पातं खाली गेलं की टोपी सुटते आणि पान हातात उलगडतं.

भोक पाडण्याचेही दोन प्रकार आहेत, त्यांची गल्लत होते. जुनी पद्धत टोचण्याची. चर्चिल ऐन एकविशीत, 1895 साली, क्युबाला जाऊन आला; पुढे आयुष्यभर सिगार आला. पण तो कातरा वापरत नसे. लांब आगकाडीने टोपीला भोक पाडायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकून मार्ग मोकळा करायचा. फुंकावं लागतं, कारण टोचल्याने तंबाखू निघत नाही, आत दाबली जाते. पंचची गोष्ट वेगळी. ती धारदार गोल नळी. दाबून फिरवली की टोपीतली चकती उचलून बाहेर येते. हात थरथरला तरी फारसं बिघडत नाही, कारण भोकाचा आकार नळी घडवणाऱ्याने आधीच ठरवलेला असतो. मात्र भोक लहान, म्हणून धूर एकवटून येतो, आणि ओल व डांबर त्याच्याच तोंडाशी साचतं. निमुळत्या टोकाच्या सिगारला तर पंच बसतच नाही. तेव्हा त्या मुलाला उत्तर द्यायचंच झालं तर आम्ही कातरा म्हणू. त्यात चूक करायची मुभा आहे, आणि सिगार पाहून किती घ्यायचं हे आपल्याला ठरवता येतं.

कापण्याला आणखी एक जोड होती, ती आम्हाला फार आवडते. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात सिगारची कापलेली टोकं गोळा करणारी मंडळं होती. ती टोकं तपकिरीसाठी विकायची आणि त्या पैशातून नाताळला गरिबांच्या मुलांना कपडे द्यायचे. काडीने टोचणाऱ्याकडून या मंडळांना काय मिळणार?

आता त्या मुलाने न विचारलेलं. फ्रॉइड दिवसाला वीसेक सिगार ओढत असे. 1923 साली त्याच्या तोंडात कर्करोग निघाला, आणि 1939 मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. सिगार म्हणजे कधीकधी नुसता सिगारच, अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या नावावर खपवतात. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. सापडतं ते त्याच्या चरित्रात. शस्त्रक्रियांनंतर जबडा नीट उघडेना, तेव्हा दातांमध्ये सिगार धरता यावा म्हणून तो कपडे वाळत घालायच्या चिमट्याने स्वतःचं तोंड उघडत असे.