इंजिन नंतर, पत्रा आधी

जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घ्यायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला सांगतो, मग चावी फिरवून आवाज ऐकतो आणि मागे जाऊन धुराचा रंग बघतो. आवाज बरा वाटला की निम्मा सौदा तिथेच होतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून गिऱ्हाईक यायच्या दिवशी तो प्लग बदलतो, ट्यूनिंग करून घेतो आणि इंजिन पुसून लख्ख ठेवतो. इंजिनापासून सुरुवात करायची ही सवय ज्या काळात लागली त्या काळी ती रास्तच होती. पुढे मोटारी बांधायची रीत बदलली, जुन्या मोटारींना भाव कशाचा येतो तेही बदलले. तपासणीचा क्रम मात्र बहुतेकांच्या डोक्यात जुनाच राहिला. आधी सांगाडा, मग कागद आणि शेवटी यंत्र असा क्रम आज का लावावा लागतो, हे एमजीबी या ब्रिटिश गाडीच्या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या गाडीतून दिसत असेल. १९६२ ते १९८० या काळात ती पाच लाखांहून अधिक संख्येने बनली आणि तिच्यातले बहुसंख्य नमुने अमेरिकेला गेले. त्यामुळे तिच्या म्हातारपणाचा पुरावा भरपूर आहे.

एमजीबीच्या आधीच्या एमजी गाड्या वेगळ्या जातीच्या होत्या. युद्धानंतर लगेच, १९४५ मध्ये आलेली टीसी घ्या. खाली पोलादी चॅसिस, त्यावर अ‍ॅश लाकडाची चौकट आणि त्या चौकटीवर पत्रा, अशी तिची रचना. लाकूड कुजले की दार लोंबकळायचे आणि उघडताना खाली घासायचे. पण त्यामुळे गाडी मरत नसे. सगळे ओझे चॅसिस पेलत होती, आणि ती जाड असल्याने सहजी गंजून मोडत नसे. बॉडी उतरवून सुताराकडून नवी चौकट करून घेता येई. १९५५ ची एमजीए दिसायला कितीही नवी असली तरी तिच्याही खाली वेगळी चॅसिस होतीच. अशा गाडीत खरा खर्च आणि खरा धोका इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांतच असायचा. त्यामुळे त्या काळचा शहाणा गिऱ्हाईक बॉनेटपासून सुरुवात करायचा, यात त्याचे काही चुकत नव्हते.

अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात सिड एनेव्हर आणि डॉन हेटर यांनी एमजीबी आखली तेव्हा वेगळी चॅसिस काढून टाकली. पत्र्याचे दाबून काढलेले भाग एकमेकांना वेल्ड करून जे कवच तयार होते तेच आता गाडीचा सांगाडा झाले. गाडी आधीच्यापेक्षा आखूड असूनही आत जागा वाढली, आणि मोठ्या संख्येने बनवायला ही रीत सोयीची पडली. मात्र उघड्या गाडीला छप्पर नसते. बंद मोटारीत छप्पर आणि खांब जे ओझे वाटून घेतात, ते इथे दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या दोन पोकळ पट्ट्यांवर येते. तिकडे त्यांना सिल म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला ती दाराखालची साधी कडा वाटते. प्रत्यक्षात आतला पत्रा, मधोमध उभा पडदा, बाहेरचा पत्रा आणि फरशीखालून जाणारी आणखी एक पेटी असे तिचे थर आहेत. या बंद पेट्यांच्या आत रंग नीट पोचत नसे, चाकांनी उडवलेला चिखल आत शिरून साचायचा आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ त्यात मिसळायचे. गंज आतून बाहेर यायचा. रंगावर पहिला फुगवटा दिसेपर्यंत आतला पडदा बहुधा चाळणीसारखा झालेला असे.

दुरुस्तीत लबाडी शिरली ती इथेच. सिल खऱ्या अर्थाने बदलायची तर पुढच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिलचे टोक त्याच्या आत दडलेले असते. शिवाय कापताना गाडीला नीट आधार द्यावा लागतो, नाहीतर कवच मधून वाकते. काम वेळखाऊ आणि महाग. त्यामुळे कुजलेल्या सिलवर नव्या पत्र्याचे आवरण वेल्ड करायचे, सांधा पुट्टीने भरायचा आणि रंग मारायचा, असा स्वस्त मार्ग निघाला. ज्याला एमजीबी बघायची आहे त्याने म्हणून गुडघ्यावर बसावे. मडगार्ड आणि सिल जिथे भेटतात तिथे कारखान्यातून आलेल्या गाडीत सांध्याची रेघ दिसते. ती रेघच नसेल तर तिथे काहीतरी भरलेले आहे. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक त्या कडेने फिरवावे. पत्रा असेल तिथे ते धरते, पुट्टी जाड असेल तिथे सुटते. मग दारे बंद ठेवून एका बाजूला जॅक लावावा आणि दाराच्या मागच्या कडेच्या फटीवर नजर ठेवावी. चाक जमिनीवरून सुटत असताना फट वरच्या बाजूला मिटत गेली, किंवा दार अडकून उघडेनासे झाले, तर सांगाड्यात दम उरलेला नाही. इंजिनाचा आवाज कितीही गोड असला तरी ही गाडी तिथेच सोडून यावी.

तपासणीचा क्रम बदलल्याची साक्ष ब्रिटनचा कायदाही देतो. तिथे १९६० मध्ये जुन्या मोटारींची सक्तीची चाचणी सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी होती आणि तिच्यात ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच बघत. म्हणजे सरकारच्या लेखीही मोटार म्हणजे यंत्र होते. सांगाड्याची अवस्था या चाचणीत आली ती १९७७ मध्ये. पहिल्या एमजीबीला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, आणि तिच्यासारख्याच रीतीने बांधलेल्या लाखो साध्या मोटारी मिठात गंजत होत्या. १९७७ नंतर जुन्या गाड्या भंगारात जायच्या त्या इंजिन बंद पडले म्हणून कमी आणि पत्रा नापास झाला म्हणून जास्त. पुढे आणखी एक वळण आले. २०१८ च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांवरच्या, फारसे फेरफार न झालेल्या गाड्यांना ही चाचणी माफ झाली. शेवटची एमजीबी १९८० ची, म्हणजे आज सगळ्याच या सवलतीच्या वयात आहेत. सरकारने जॅक खाली ठेवला आहे. तो उचलायचा तर आता गिऱ्हाइकानेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: इंजिन हे गाडीचे काळीज, त्याची दुरुस्ती महाग, मग ते शेवटी कसे बघायचे? दुर्मीळ इटालियन गाडी असेल तर हा आक्षेप मला मान्य आहे. बारा सिलिंडरचे इंजिन उघडायचे तर त्या खर्चात दुसरी एखादी मोटार येते. पण एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज घराण्यातले, आणि हे घराणे मराठी वाचकाला अनोळखी नाही. आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये कित्येक वर्षे जे १४८९ सीसीचे इंजिन धडधडत होते ते त्याच घराण्यातले. ज्या इंजिनाची रिंग, बेअरिंग आणि व्हॉल्व्हची कामे गावोगावच्या मेकॅनिकनी केली, त्याला घाबरायचे कशाला? इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइलचा दाब ५० पौंडांच्या वर राहतो का, रिकाम्यावर तो फारच पडतो का, एवढे बघितले की बरेचसे कळते. पुढच्या चाकांच्या किंगपिनना वेळेवर ग्रीस मिळाले आहे का आणि तारांच्या चाकांचे दाते झिजले आहेत का, हेही बघावे. पण हे सगळे सुटे भाग आहेत; काढता येतात, नवे मिळतात, गॅरेजमध्ये एका आठवड्यात बसतात. कवच तसे सुटत नाही.

बाजारानेही हाच निकाल दिला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधले व्यापारी कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून जुन्या एमजीबी परत आणू लागले. त्या गाड्यांची इंजिने दमलेली, उन्हाने सीट फाटलेल्या, स्टिअरिंग डावीकडे. तरीही जहाजाचे भाडे भरून त्या आणणे परवडत होते, कारण पत्रा शाबूत होता. १९८८ मध्ये तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने डाय आणि साचे शोधून काढून एमजीबीचे अख्खे नवे कवच विकायला काढले. आठ वर्षांपूर्वी बंद झालेल्या मोटारीचा सांगाडा पुन्हा बनू लागला; त्याच पायावर रोव्हरने १९९२ मध्ये आरव्ही८ ही गाडीही आणली. इंजिनासाठी एवढा खटाटोप कोणी केला नाही, कारण त्याची गरजच पडली नव्हती.

नव्या कवचामुळे एक नवा प्रश्न मात्र उभा राहिला: सांगाडाच बदलला तर गाडी तीच म्हणायची का? हा प्रश्न लंडनच्या हायकोर्टात १९९० मध्ये एका बेंटलीच्या निमित्ताने आला. १९२९ आणि १९३० ची ल माँ शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही ती गाडी. एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि नंतर घेणाऱ्याने हात मागे घेतला. मूळ गाडी उरलीच नाही असे त्याचे म्हणणे. ते अगदीच खोटे नव्हते. शर्यतींसाठी आणि १९३२ मध्ये ब्रुकलंड्‌सला झालेल्या अपघातानंतर ती इतक्यांदा बदलली होती की १९२९ च्या गाडीतले जवळपास काहीच शिल्लक नव्हते. न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला, कारण गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नव्हता. ती कधी दोन ठिकाणी नव्हती आणि कधी नाहीशी होऊन पुन्हा उगवली नव्हती. हा निकाल मला पटतो. नव्या कवचाची एमजीबी खोटी नाही, ते कवच कधी बसले, कोणी बसवले आणि जुन्याचे काय झाले हे कागदावर असेल तर. ते नसेल तर एकाच नंबरवर दोन गाड्या फिरत असण्याची भीती राहते. मोठे फेरफार झालेल्या गाडीने जुना नंबर ठेवावा की नाही हे ठरवताना ब्रिटनच्या नोंदणी खात्याने कित्येक वर्षे गुणांची पद्धत वापरली. तिच्यात चॅसिस किंवा कवचाला पाच गुण होते, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला एक.

कोणी म्हणेल, फायबरच्या बॉडीची गाडी घेतली की गंजाची कटकटच संपली. १९६२ चीच लोटस एलान तशी होती. तिची बॉडी खरोखरच गंजत नाही. पण ती ज्या दुमडलेल्या पोलादी कण्यावर बसवली आहे तो गंजतो, आणि बॉडी चकचकीत दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. साहित्य कोणतेही असो, ओझे कुठे पेलले जाते ते आधी शोधायचे आणि तिथे बघायचे.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, म्हणून ही चिंता विलायतेची, असाही युक्तिवाद होतो. कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत ज्याने लोखंडी खिडकीची जाळी बघितली आहे त्याने तो करू नये. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिठाच्या गाडीची उणीव भरून काढतात. घाटावरच्या कोरड्या गावात परिस्थिती बरी असते. पण तिथली जुनी गाडी वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी असण्याचा संभव जास्त, आणि बंद उभ्या गाडीत ओलावा पोकळ भागांतून हलत नाही.

कागदांच्या बाबतीत आपल्याकडचा व्यवहार उलट अधिक कडक झाला आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र चॅसिस, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे विकणारा ज्याला ‘फुल रिस्टोअर्ड’ म्हणून मिरवतो तेच काम इथे अडचणीचे ठरू शकते. गाडीवर कोरलेला नंबर कागद ठेवून पेन्सिलीने घासून उतरवून घ्यायची आरटीओतली जुनी रीत घेणाऱ्यानेही पैसे देण्यापूर्वी वापरावी, आणि तो ठसा आरसी बुकाशी एकेक अक्षर जुळवून बघावा. नंबराभोवती घासल्याच्या किंवा नव्या वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथेच थांबावे.

आणि बघायला जाताना पत्र्याचे काम करणारा जाणता माणूस बरोबर न्यावा, कारण १९३० च्या भारतीय मालविक्री कायद्याचे कलम १६ घाईत बघणाऱ्याला आधार देत नाही. खरेदी व्यापाऱ्याकडून असली तरी, गिऱ्हाइकाने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही.