कौटुंबिक न्यास आणि दिवाळखोरी

कुटुंबीयांच्या हितासाठी स्थापलेल्या खासगी न्यासातील (ट्रस्ट) मालमत्तेला दिवाळखोरीत मिळणारे कायदेशीर संरक्षण. भारतात अशा न्यासांना भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. स्थावर मालमत्तेच्या न्यासासाठी सामान्यतः नोंदणीकृत दस्त लागतो.

संरक्षण मिळते की नाही, हे दिवाळखोर कोण यावर ठरते. विश्वस्त दिवाळखोर झाल्यास त्याच्या ताब्यातील न्यासाची मालमत्ता धनकोंना मिळत नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम १५५ नुसार, इतरांसाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली मालमत्ता दिवाळखोराच्या संपदेत येत नाही.

न्यासकर्ता दिवाळखोर झाल्यास हस्तांतराचा हेतू आणि काळ पाहिला जातो. धनकोंना बुडवण्यासाठी किंवा त्यांची वसुली लांबवण्यासाठी केलेले हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली त्यांच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. संहितेच्या कलम १६४ नुसार दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतील अवमूल्यित व्यवहारही तपासले जातात. मात्र संहितेतील व्यक्तींविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनी कर्जांच्या वैयक्तिक हमीदारांना लागू झाल्या.

लाभार्थी दिवाळखोर झाल्यास त्याचा निश्चित हितसंबंध धनकोंना उपलब्ध होऊ शकतो. ‘दिवाळखोर होताच हक्क संपेल’ ही हस्तांतरातील अट १८८२ च्या हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार निरर्थक ठरते.

म्हणून कर्जाचे संकट येण्यापूर्वी, प्रामाणिक हेतूने आणि मालकी खरोखर सोडून केलेला न्यासच कुटुंबाला भक्कम आधार देतो.