बेवड व हरभऱ्याच्या मुळांवरील गांठी

वडीगोद्री (ता. अंबड) हा गांव गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीच्या टापूंतला. येथील जुने कागद शोधणारानें एक ध्यानांत ठेवावें: जालना जिल्हा १९८१ सालचा; तत्पूर्वीं अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यांत होता.

आमचा विषय मात्र एक शब्द आहे, बेवड. म्हणजे आधींच्या पिकानें जमिनीस आलेली स्थिति. हरभऱ्याचा बेवड चांगला, असें शेतकरी पूर्वापार मानीत आले. त्याचें कारण १८८६ सालीं हेलरीगल या जर्मन रसायनज्ञानें द्विदल पिकांवरील प्रयोगांनीं दाखविलें. मुळांवरील गांठींत सूक्ष्म जंतु राहतात; झाड त्यांस शर्करा देतें, ते हवेंतील नत्र झाडास पचेल अशा रूपांत आणतात. बायेरिंक या डच पंडितानें १८८८ सालीं हे जंतु वेगळे काढले. जिवंत गांठ फोडली असतां आंतून तांबूस दिसते. मात्र दाण्यांबरोबर नत्राचा मोठा वांटा घरीं जातो. तेव्हां बेवडाची थोरवी भलतीच वाढवूं नये.

सनदा आपण जपतों. कोणत्या शेतांत कोणत्या सालीं काय पेरलें हें सांगणारीं घरगुती टिपणें रद्दींत जातात. एकाच शेताचीं लागोपाठ दहा सालें हातीं आलीं, तर बेवडाचा क्रम प्रत्यक्ष वाचतां येईल. असा कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास, तो कितीहि फाटका असो, मंडळास अवश्य दाखवावा.